आवळ्याच्या रेषा आणि बारा फाका: सपाट कागदातून पृथ्वीचा गोल

आवळा हातात धरून पाहिला, की देठापासून बुडापर्यंत सहा फिकट रेषा उतरलेल्या दिसतात. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातल्या गोलाध्यायावर त्यांनी स्वतःच भाष्य लिहिले आणि गोलाच्या पृष्ठफळाची उपपत्ती सांगताना याच आवळ्याचा दाखला घेतला. गोलावर तशा उभ्या रेषा आखायच्या. दोन रेषांमधला जो पट्टा राहतो, त्याला त्यांनी ‘वप्रक’ म्हटले. परीघाचे ९६ भाग केले, की एका वप्रकाची मधली रुंदी एक भाग होते आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर व्यासाइतके भरते. म्हणून अख्ख्या गोलाचे पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. त्यांच्या आधीच्या लल्ल या गणितज्ञाने वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ असा नियम दिला होता, तो त्यांनी चुकीचा ठरवला. चाळीसगावजवळ पाटणे इथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

हा वप्रकच पुढे पृथ्वीगोल करणाऱ्यांचा मुख्य भाग झाला. १५०७ साली वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने लाकडी ठशावरून बारा फाका एका कागदावर छापल्या. त्या कापून चिकटवल्या, की साधारण १२ सेंमी व्यासाचा गोल तयार होई. ‘अमेरिका’ हे नाव जगाने पहिल्यांदा पाहिले ते त्याच वर्षीच्या त्याच्या छापील कामात. आजही घरी चांगला पृथ्वीगोल करायचा, तर रीत तीच. ती नीट जमवायला काय लागते आणि कुठे बिघडते, ते इथे मिलिमीटरपर्यंत मांडतो.

आधी अडचण समजून घ्यावी. भेळेचा पुडा उलगडला, की तो पुन्हा सपाट कागद होतो. पत्र्याचा डबा सांध्यावर कापला, तर सपाट पत्रा मिळतो. गोलाचे तसे होत नाही. गाउस या गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले, की पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकवला तरी त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. कागदाची ही वक्रता शून्य आणि गोलाची शून्याहून जास्त, त्यामुळे एकाचा दुसरा कधीच होणार नाही. फाका अरुंद केल्या, तर फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. तो किती आहे हे मात्र आधीच मोजता येते आणि कुठे लपवायचा हे आपल्याला ठरवता येते. माझ्या मते या कामातली खरी कला इथेच आहे.

२० सेंमी व्यासाचा चेंडू धरू. परीघ ६२.८३ सेंमी. बारा फाका, म्हणजे एकेक फाक ३० अंशांची. विषुववृत्तावर तिची रुंदी ५.२३६ सेंमी, ध्रुव ते ध्रुव लांबी ३१.४२ सेंमी. भास्कराचार्यांच्या रीतीने पडताळा घ्या: ५.२३६ गुणिले व्यास २०, म्हणजे १०४.७ चौरस सेंमी. त्याच्या बारा पटी १,२५६.६, आणि गोलाचे पृष्ठफळ तेवढेच.

कोणत्याही अक्षांशावर फाकेची अर्धी रुंदी म्हणजे २.६१८ गुणिले त्या अक्षांशाची कोज्या (कोसाइन). मधल्या उभ्या रेषेवर दर १० अंशांना १.७४५ सेंमी अंतरावर खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर दोन्ही बाजूंना ही मापे सेंमीत घ्या:

०° – २.६२, १०° – २.५८, २०° – २.४६, ३०° – २.२७, ४०° – २.०१, ५०° – १.६८, ६०° – १.३१, ७०° – ०.९०, ८०° – ०.४५, ९०° – ०

हे बिंदू लवचिक पट्टीने जोडा. कंपासने कमान मारून फाक काढायचा मोह होतो, कारण आकार दिसायला तसाच असतो. तो टाळा. तेवढीच लांबी आणि रुंदी धरून कंपासची कमान काढली, तर तिची त्रिज्या ४८.४ सेंमी येते आणि ६० अंशांवर अर्धी रुंदी १.३१ ऐवजी १.४७ भरते. फरक जेमतेम १.६ मिमीचा. पण दोन्ही कडा आणि बारा फाका मिळून ३.९ सेंमी कागद जास्तीचा होतो आणि तिथला एकूण घेर आहे ३१.४ सेंमी. एवढा कागद कुठेच मावत नाही. मग लोक कागदाला किंवा खळीला दोष देतात.

वरची मापे भरीव चेंडूवर चिकटवण्यासाठी आहेत. आत काहीच नसलेला पोकळ गोल करायचा असेल, तर फाक फक्त एकाच दिशेने वाकते आणि आडवी सपाटच राहते. तेव्हा २.६१८ च्या जागी त्रिज्या गुणिले १५ अंशांची स्पर्शज्या (टॅन), म्हणजे २.६७९ सेंमी घ्यावे लागते आणि विषुववृत्तावर प्रत्येक सांधा गोलाच्या बाहेर ३.५ मिमी येतो. आठच फाका केल्या, तर हाच उंचवटा ८.२ मिमी होतो, अठरा केल्या तर १.५, चोवीस केल्या तर ०.९. पत्र्याच्या टाकीचा घुमटाकार माथा पाकळ्या जोडून करतात, तिथेही हिशेब हाच. मात्र पत्र्याला पुढे ठोकून फुगवता येते, कागदाला नाही.

चेंडूवर येऊ. थर्माकोलचा चेंडू बहुधा दोन अर्धगोलांचा येतो आणि सांध्यावर चपटा किंवा फुगीर असतो. टेपने तीन दिशांनी परीघ मोजा. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल, तर कागदाच्या लगद्याने भर घाला, वर खडूची पूड आणि पातळ फेव्हिकॉल यांची लुकण द्या, वाळल्यावर आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. थर्माकोलला थेट ऑइल पेंट लावू नका. त्यातले थिनर थर्माकोल खाते. लुकणीनंतर परीघ पुन्हा मोजा. फाकांची मापे काढायची ती या शेवटच्या परीघावरून: रुंदी परीघाचा बारावा भाग, लांबी परीघाचा अर्धा भाग. दुकानदाराने सांगितलेला ‘आठ इंची’ आकडा इथे चालत नाही. कागद चिकटवण्याआधी अख्ख्या चेंडूला समुद्राच्या छटेचा वॉटर बेस रंग द्या. पुढे सांधा अर्धा मिमी उघडला, तरी पांढरी रेघ दिसणार नाही.

आखणीसाठी चेंडू चिकटपट्टीच्या मोठ्या रिकाम्या रिळावर बसवा, लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा, तिचे टोक चेंडूच्या मध्याच्या उंचीवर आणा आणि चेंडू जागच्या जागी फिरवा. विषुववृत्त मिळाले. कागदाची पट्टी त्यावर गुंडाळून नेमकी कापा, टेबलावर पसरून बारा भाग पाडा, पुन्हा गुंडाळून खुणा चेंडूवर घ्या. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर चार बाजूंनी सारखे भरले पाहिजे. भरले नाही, तर ध्रुव सरकवा. चिकटवायला लागल्यावर ही चूक सुधारता येत नाही.

आता नकाशा. दुकानातले बहुतेक गोल इंग्लंडच्या शून्य रेखावृत्तापासून फाका पाडतात, म्हणून सांधे ६०, ९०, १२० अंशांवर येतात. ९० अंश पूर्व रेखावृत्त भारताच्या पूर्व भागातून जाते आणि गुवाहाटीसकट जवळजवळ अख्खा आसाम, अरुणाचल वेगळ्या फाकेवर पडतो. आपण घरी करतोय, तर एका फाकेची मधली रेषा ८२.५ अंश पूर्वेला घ्या. आपली प्रमाणवेळ ठरते तेच हे रेखावृत्त. मग ही फाक ६७.५ पासून ९७.५ अंशांपर्यंत पसरते. आणि भारताचा विस्तार आहे ६८ अंश ७ मिनिटे ते ९७ अंश २५ मिनिटे पूर्व! कच्छच्या टोकापासून अरुणाचलच्या पूर्व कडेपर्यंत, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारसकट सगळा देश एका फाकेत मावतो. पश्चिमेला २० सेंमीच्या गोलावर १ मिमी जागा उरते, पूर्वेला जेमतेम ०.१ मिमी. कात्री त्या कडेने सावकाश चालवा. ही सोय इतकी सुरेख आहे, की बारा फाकांचा हट्ट मी केवळ एवढ्यासाठीही धरेन.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ३७.५ अंश पूर्वेचा सांधा मॉस्कोला लागून जातो. ज्या शहरांवर सांधा येतो, त्यांची नावे एका बाजूला सरकवून लिहा. नाव दोन फाकांवर पसरले, तर अर्धा मिमीचा फरकही डोळ्यांना खुपतो.

फाका संगणकावर काढायच्या असतील, तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. प्रक्षेपण, म्हणजे गोल सपाट कागदावर उतरवायची रीत, पॉलिकॉनिक निवडा आणि मधले रेखावृत्त दर फाकेला ३० अंशांनी बदला. सरळ अक्षवृत्तांचे सायनसॉइडल प्रक्षेपण सोपे वाटते, पण त्यात एक खोट आहे. फाकेवरची सरळ आडवी रेघ गोलावर चिकटली, की कडांना विषुववृत्ताकडे झुकते. ४५ अंशांवर हा झोल १.७ मिमीचा असतो. त्यामुळे उत्तर गोलार्धात अक्षवृत्ताच्या जागी बारा कमानींची ओळ दिसते आणि दक्षिणेत बारा झोळांचे तोरण. पॉलिकॉनिकमध्ये अक्षवृत्त आधीच तेवढे उलट वाकवलेले असते. जुन्या छापील फाकांवर अक्षवृत्ते वाकडी दिसतात, त्याचे कारण हेच.

प्रमाण येते १ सेंमीला ६३७ किमी. नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-साठ्यातली १:५ कोटींची माहिती याला पुरेशी आहे. १:१ कोटीची घेतली, तर नॉर्वेचा किनारा नुसता शाईचा डाग होतो. भारताची सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळवूनच घ्या. परदेशी साठ्यांत ती मूळ रूपात वेगळी असते. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, त्याची चिंता नको. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७, म्हणजे आपल्या गोलावर फरक ०.३ मिमी. एव्हरेस्ट तर ०.१४ मिमीचे. उठावाचे डोंगर असलेले गोल विकत मिळतात, त्यांत उंची कितीतरी पटींनी वाढवलेली असते.

छपाई ए-३ वर, एका कागदावर चार फाका, सगळ्या एकाच दिशेने उभ्या. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला, तर फाका काही टक्क्यांनी आखडतात आणि शेवटच्या दोन फाकांमध्ये बोट जाईल एवढी फट पडते. चेंडू १८ सेंमीचा घेतला, तर फाक २८.३ सेंमी लांब आणि ४.७ सेंमी रुंद होते. मग ए-४ चे तीनच कागद पुरतात. कागद ८० ते १०० जीएसएमचा, चकाकी नसलेला. लेझर प्रिंट घ्या. साध्या इंकजेटची शाई खळ लागताच पसरते.

ज्यावर सगळ्यात जास्त गोल वाया जातात, ती गोष्ट आता. ओला कागद फुगतो आणि दोन्ही दिशांना सारखा फुगत नाही. कागदाच्या तंतूंची एक दिशा असते, छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या आडव्या दिशेला कागद जास्त वाढतो. कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करा. त्याची सुरळी होईल. सुरळीचा आस ज्या दिशेने, ती ग्रेनची दिशा. मग त्याच कागदाचा २०० मिमीचा चौकोन कापून खळ लावा, तीन मिनिटांनी दोन्ही बाजू मोजा. आडवी बाजू २०३ झाली, तर वाढ दीड टक्का. हिशेब न करता छापलेल्या फाका या वाढीने एकूण ९ मिमी जास्त होतात आणि बारावी फाक बसतच नाही. छापताना रुंदी २०० भागिले २०३ ने कमी करा आणि लांबी तिच्या स्वतःच्या मापाने. कागदाची रीम बदलली, की चाचणी पुन्हा घ्या.

खळ मैद्याची हवी. फेव्हिकॉल पटकन धरतो आणि सरकू देत नाही. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एकूण पाच वाट्या पाणी होईल असे घाला, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली, की उतरवा आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळा. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी आहे, त्यामुळे भांडे वेगळे ठेवा आणि लहान मुले मदतीला असतील तर घालूच नका.

फाकेच्या पाठीला खळ लावून ठरावीक तीन मिनिटे थांबा, पुन्हा पातळ हात फिरवा आणि मग लावा. प्रत्येक फाकेला वेळ सारखाच हवा. एक दोन मिनिटांत उचलली आणि दुसरी सहा मिनिटांनी, तर दोघींच्या रुंदी वेगळ्या होतात. फाका ओळीने लावू नका. क्रमांक १, ४, ७ आणि १० आधी लावा, मग मधल्या. एकेका फाकेत अर्ध्या मिमीची चूक झाली, तर ओळीने लावताना शेवटी ती ६ मिमी साचते. चौथाईत वाटल्यावर दीड मिमीच्या वर जात नाही. प्रत्येक फाकेच्या एका कडेला १ मिमी जादा ठेवून ती शेजारणीखाली जाऊ द्या. बसवताना आधी विषुववृत्ताची खूण जुळवा, मग चमच्याच्या पाठीने मधल्या रेषेवरून ध्रुवांकडे आणि शेवटी मध्यापासून कडांकडे चोळा. उलट केले, तर हवा मध्ये कोंडते. फुगा आलाच, तर सुईने भोक पाडून दाबा.

सुरकुत्या येतील त्या ४५ अंशांच्या वर. फाकेची कड तिच्या मधल्या रेषेपेक्षा लांब असते: विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत मधली रेषा १५७.१ मिमी आणि कड १५९.८. गोलावर मात्र दोन्ही सारख्याच हव्यात. हे जादा २.७ मिमी सगळीकडे सारखे वाटलेले नसतात. ७० अंशांपर्यंत दीड मिमी आणि शेवटच्या २० अंशांतच १.२ मिमी. मर्केटर या नकाशाकाराने १५४१ च्या आपल्या पृथ्वीगोलाच्या फाका ७० अंशांवर छाटल्या आणि ध्रुवांना वेगळ्या गोल टोप्या दिल्या, त्यामागचा हिशेब यातून लक्षात येतो. बारा निमुळती टोके एका बिंदूवर आणण्याचा त्रासही वाचतो.

पण टोपीही सपाट कागदच आहे. ७० अंशांवरच्या टोपीची त्रिज्या ३.४९ सेंमी, तिचा घेर २१.९ सेंमी, आणि गोलावर तिथे जागा आहे २१.५ सेंमी. साडेचार मिमी कागद जास्त, कडेला झालर येणारच. मर्केटरच्या काळचा चिंध्यांचा हातकागद ओला ताणला तर दबे, आपला प्रिंटरचा कागद तितका दबत नाही. म्हणून फाका ७५ अंशांवर छाटा. टोपीचा जादा घेर २ मिमीच्या आत येतो आणि तो ओल्या कागदात चोळून जिरतो. शिवाय या टोपीची त्रिज्या २.६१८ सेंमी, म्हणजे फाकेच्या अर्ध्या रुंदीइतकीच, कारण दोन्ही १५ अंशच. कंपास एकदा उघडला, की पुरे.

वाळायला पूर्ण दिवस द्या, सावलीत आणि पंख्याखाली न ठेवता. घाईने वाळलेला कागद एका बाजूने आखडतो आणि सांधे उघडतात. वार्निश थेट मारू नका. कागद ते पिऊन तेलकट पारदर्शक होतो आणि खालचा रंग वर डोकावतो. आधी पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात द्या, ते वाळले की वार्निश.

आस बसवण्याआधी एक दोरा घ्या. मुंबईवर एक टोक धरून तो न्यूयॉर्कपर्यंत ताणा. दोरा मॉस्कोजवळून, स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या आखातावरून, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून उतरला पाहिजे. वाटेत तो पाच सांधे ओलांडतो. त्याची लांबी १९.७ सेंमी भरली, तर १२,५४० किमीचे खरे अंतर तुमच्या गोलावर उतरले आहे. १ मिमी इकडेतिकडे, म्हणजे ६४ किमी, चालेल. ३ मिमीचा फरक आला, तर ३७.५ आणि ७.५ अंशांचे सांधे पुन्हा तपासा. तिथे एखादी फाक शेजारणीवर जास्त चढलेली असते.